शेळी की कुत्रं? (गुण 2)

विनोदी गोष्टीखाली पहिला प्रश्न छापला, की गोष्टीतला विनोद गुपचूप उठतो आणि मागच्या दारानं वर्गाबाहेर जातो. उरलेल्या गोष्टीवर मग आम्ही आकलन तपासतो. 'चौकटी पूर्ण करा', दोन गुण. 'ओघतक्ता पूर्ण करा', दोन गुण. 'कारणे लिहा', दोन गुण. आणि शेवटी 'स्वमत', चार गुण. या सगळ्यांत खरा विनोदी प्रकार स्वमताचा. आपलं स्वतःचं मत काय आहे ते गाईडात पान नंबरासकट छापलेलं असतं.

मी मराठीचा मास्तर. नोकरी नांदेड जिल्ह्यात, लोह्याच्या पुढं, अहमदपूरच्या रस्त्याला. बिऱ्हाड लातुरात. लातुरात घर असावं असं काही नाही, क्लासजवळ खोली असली की पुरते. लेकीची बारावी झाली, आता मुलाची आहे, त्यामुळं खोली काही सुटत नाही. सकाळी नांदेडकडं तोंड, संध्याकाळी लातूरकडं.

यंदा आठवीच्या घटक चाचणीसाठी उतारा काढायची पाळी माझ्यावर आली. दरवेळी वृक्षारोपणाचा उतारा देतात. त्यात कोण कोणाला फसवतंय हे मास्तरलाही नीट लिहिता येत नाही. म्हटलं, एकदा उघड फसवाफसवीची गोष्ट देऊ आणि पोरांना हसू येतंय का बघू. म्हणून पंचतंत्रातली तीन ठगांची गोष्ट दिली. यजमानानं दान दिलेली शेळी खांद्यावर घेऊन एक भटजी चाललाय. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर तीन ठग भेटतात आणि तिघंही विचारतात, "महाराज, खांद्यावर कुत्रं घेऊन कुठं निघालात?" तिसऱ्याला भेटेपर्यंत भटजीचा धीर सुटतो. शेळी टाकून तो पळतो आणि ठग रात्री मटण खातात.

आपल्याकडं सांगतात त्या गोष्टीत तिघंही कुत्रंच म्हणतात. पंचतंत्राच्या एका पाठात मात्र पहिला कुत्रं म्हणतो, दुसरा मेलेलं वासरू म्हणतो आणि तिसरा गाढव. तिथला भटजी जास्त शहाणा वाटतो मला. खांद्यावरची वस्तू दर फर्लांगाला जात बदलतेय म्हटल्यावर हे भूतच असणार, असा त्यानं तर्क केला. तर्कात काही खोट नाही. फक्त मान वळवून बघायचं तेवढं राहिलं.

गंमत अशी, की ही गोष्ट पंचतंत्रात 'ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये' हे शिकवायला आलेलीच नाही. ती येते तिसऱ्या तंत्रात, काकोलूकीयात. कावळ्यांच्या राजाचा म्हातारा मंत्री स्थिरजीवी ती सांगतो, घुबडांना कसं गंडवायचं याची आखणी चालू असताना. म्हणजे हे ठगांच्या बाजूचं प्रशिक्षण. आम्ही दोनेक हजार वर्षांनी ते भटजीच्या बाजूला लावलं आणि खाली 'तात्पर्य' लिहून मोकळे झालो.

आणि ही सगळी पुस्तकी उठाठेव करणारा विष्णुशर्मा कोण? महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाची तीन ढ पोरं. कोणाच्यानं शिकेनात. ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा दरबारात येऊन सांगतो, सहा महिन्यांत यांना नीतिशास्त्रात तरबेज करतो, नाही झालं तर नाव टाकीन. लातुरात हा बोर्ड मी रोज बसच्या खिडकीतून वाचतो. फरक एवढाच, की बोर्डावर नाव टाकायची भाषा नसते आणि फी आगाऊ असते. विष्णुशर्म्यानं तर विद्या विकत नाही म्हणून शंभर गावांचं इनाम नाकारलं. त्यामुळं आजच्या लातुरात त्याचा टिकाव लागला असता असं वाटत नाही.

तर चाचणी झाली. पेपर तपासायला घेतले आणि पहिल्याच उत्तराला थबकलो. 'तीन ढगांनी भटजीला वाटेत गाठले.' दुसरा पेपर उघडला. तीन ढग. तिसरा, चौथा, तेच. खिडकीजवळच्या बाकावर कोणीतरी घाईत ठगाचा ढग केला होता आणि तो ढग बाकाबाकांवरून सरकत दारापर्यंत आला होता. तीन माणसांनी सांगितलं म्हणून शेळीचं कुत्रं मानणाऱ्या भटजीवरचा हा पेपर, हे लक्षात घ्या. एकानं तेवढं स्वतःचं डोकं चालवलं. ढगांनी गाठल्यावर पुढं काय होणार याचा त्यानं विचार केला आणि लिहिलं, 'म्हणून भटजी भिजला व शेळी टाकून पळाला.' त्याला मी अर्धा गुण दिला. साऱ्या वर्गात उत्तरातल्या ढगांचा अर्थ लावणारा तो एकटाच होता.

नांदेड जिल्ह्यात हे व्हावं याचं जरा वाईट वाटतं. कॉपीमुक्तीचा नांदेड पॅटर्न इथलाच. 2010 च्या सुमारास श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना परीक्षा केंद्रांवर असा काही बंदोबस्त लागला, की खिडक्यांना लटकणारे काका-मामा बेकार झाले. त्याच साहेबांनी पटपडताळणीही काढली. एकाच वेळी सगळ्या शाळांतली पोरं मोजायची. पुढं सरकारनं 3 ते 5 ऑक्टोबर 2011 असे तीन दिवस ती सबंध महाराष्ट्रात केली. बोटाला शाई लावून पोरं मोजली, म्हणजे तेच पोरगं सकाळी एका शाळेत आणि दुपारी दुसऱ्या शाळेत हजर व्हायला नको. तेव्हा उमगलं, की पटावरची कितीतरी मुलं पृथ्वीवर नव्हतीच. त्यांच्या नावावर अनुदान मात्र वेळेवर जेवत होतं. त्या मुलांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दंगा नाही, गैरहजेरी नाही, कॉपी नाही. ठगांची गोष्ट तर त्यांना शिकवायची गरजच नव्हती.

लातूरची गोष्ट निराळी. राजर्षी शाहू महाविद्यालय, प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि लातूर पॅटर्न हे तीन शब्द आमच्याकडं एका श्वासात म्हणायची रीत आहे. जादा तास, सराव परीक्षा, चुका काढून पुन्हा सराव परीक्षा. वाघमारे सर पुढं 1994 साली निघालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, म्हणजे लातूरचे पॅटर्नकार नांदेडला गेले. दोन गावांत तेवढी देवाणघेवाण आहे. एका गावानं परीक्षा कशी द्यावी याचा पॅटर्न काढला आणि दुसऱ्यानं ती कशी घ्यावी याचा. मधल्या रस्त्यावर माझी शाळा आहे.

खोलीवर पेपर तपासत बसलो होतो तेव्हा मालकांचा नीटवाला पुतण्या डोकावला. दिवसाचे किती तास अभ्यास करतो ते मी विचारत नाही, मला चक्कर येते. त्याला म्हटलं, बाबा, जरा करमणूक म्हणून हा उतारा वाच. त्यानं उभ्या उभ्या वाचला आणि विचारलं,

"काका, निगेटिव्ह मार्किंग आहे का?"

"समज, आहे."

"पर्याय?"

मी पर्याय दिले. अ) शेळी, ब) कुत्रं, क) दोन्ही, ड) यांपैकी नाही.

त्यानं भिंतीकडं बघितलं. हिशेब चालू झाला की ही पोरं भिंतीकडं बघतात. मग म्हणाला, "शेळी धरली आणि बरोबर निघाली तर प्लस चार. चुकली तर मायनस एक. तीनजण कुत्रं म्हणाले म्हणजे त्याला खात्री राहिली नव्हती. खात्री नसली की सोडून द्यायचं, वेळ घालवायचा नाही. त्यानं सोडून दिलं. बरोबर केलं त्यानं."

"अरे, पण हसू नाही आलं तुला?"

"सिलॅबसमध्ये आहे का?" त्यानं खरोखरच काळजीनं विचारलं.

द. मा. मिरासदारांनी आयुष्यभर मराठी शिकवली आणि सोबतीला भोकरवाडीची बेरकी माणसं लिहिली. 1998 साली इथंच परळीला साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या कथाकथनाला हसताना लोकांचे फेटे सुटायचे. त्या श्रोत्यांना खाली उतरल्यावर कोणी 'नाना चेंगटाच्या स्वभावाची चार वैशिष्ट्ये लिहा' असं विचारलं नाही. हसला म्हणजे कळलं, एवढंच मूल्यमापन होतं. पण हसण्याला गुण द्यायचे तर नोंदवहीत रकाना कुठला? आमच्या एका सहकाऱ्यांनी सुचवलं, 'मंद स्मित : 1, खळखळून : 2'. ते विज्ञान शिकवतात, त्यांना मोजल्याशिवाय करमत नाही.

मग स्वमताकडं वळलो. 'भटजीच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?' नमुना उत्तर मीच लिहून ठेवलं होतं: मी माझ्या बुद्धीवर व अनुभवावर विश्वास ठेवला असता, इत्यादी. पहिल्या पाच-सहा जणांनी ते शब्दशः लिहिलं. नमुना उत्तर माझ्या टेबलाच्या खणात होतं, कुलपात, त्यामुळं हा विषय मी वाढवला नाही.

पण चाचणी जानेवारीतली. माळेगावची यात्रा नुकतीच उठलेली. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला घोडे, गाढवं, उंट, सगळं विकायला येतं, आणि आमच्या शाळेचा अर्धा पट तिकडं असतो. (तेव्हा पडताळणी करायला कोणी येऊ नये.) ज्यांनी यात्रा बघितली होती त्यांची उत्तरं निराळीच निघाली. एकानं लिहिलं, 'मी शेळी खांद्यावर घेतलीच नसती. तिला पाय असतात. दाव्याला धरून आणली असती.' दुसरा म्हणतो, 'शेळी गप कशी बसली? उस्मानाबादी असती तर वरडून गाव गोळा केलं असतं.' एका पोरीनं कान चाचपून बघितले असते, उस्मानाबादीचे कान लोंबतात म्हणून. दुसरीनं सरळ ठगालाच विचारलं होतं, 'कुत्रं हाय तर हाय, तुमाला काय करायचंय?' आणि मागच्या बाकावरचा एक, ज्याचं शुद्धलेखन बघून मला घाम फुटतो, त्यानं एकच ओळ लिहिली होती: 'तीघ येकच बोललेत मंजे राच्ची बसून ठरवलेल आसतय.'

मी ही ओळ दोनदा वाचली. उताऱ्यातला सगळा कट त्यानं आठ शब्दांत उघडा पाडला होता. पण आमच्या गुणदान योजनेत शुद्धलेखन आहे, वाक्यरचना आहे, 'किमान पाच वाक्ये' आहे. नियमानं चारातले दोन बसत होते. मी दोन दिले.

चौथ्या दिवशी त्याचे वडील शाळेत. बैलांचे हेडी आहेत, हाळी-हंडरगुळीच्या बाजारापासून माळेगावपर्यंत फिरतात. देवणीचा गोऱ्हा की लाल कंधारी, हे लांबून धुरळ्यात सांगतात. खांद्यावर गमजा, हातात पोराचा पेपर.

"गुरुजी, पोरानं बरोबर लिवलंय म्हणतंय. दोनच कसे?"

"मामा, शुद्धलेखन बघा की."

"ते ऱ्हाऊ द्या. मला गोष्ट वाचून दाखवा."

मी वाचून दाखवली. मामा एकदाही हसले नाहीत. जनावराच्या व्यवहारात ते हसत नसावेत. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, "गुरुजी, तुमच्या पेपरात चूक हाय. ठग तीन न्हवते, चार हुते."

"चौथा कोण?"

"ज्यानं दान दिली त्यो. फुकटात चांगली शेळी कोण देतंय हो? भाकड तरी आसंल, न्हाई तर रोगट. ती वरडली न्हाई म्हंता न्हवं? चांगलं जनावर खांद्यावर गप बसतंय व्हय? त्या तिघांला रात्री मटान खाऊन काय झालं, ते लिवलंय का पुस्तकात?"

लिहिलेलं नव्हतं. विष्णुशर्म्याच्या लक्षात आलेलं नसावं.

"आन् भटजीबी येडा न्हवता," मामा म्हणाले. "त्यालाबी ती ठेवायची न्हवती. दानाची चीज रस्त्यात टाकावी कशी? तीन मान्सांनी कुत्रं म्हटलं, लई बरं झालं. घरी बायकोला सांगाय कारण गावलं."

मी 'उताऱ्यात याला आधार नाही' एवढंच म्हणू शकलो. मामांनी मग खांद्यावरचा गमजा काढला, पसरून माझ्या हातावर टाकला आणि आतून माझी बोटं धरली. बाजारात भाव असाच ठरतो, तोंडानं आकडा काढायचा नाही. त्यांनी दोन बोटं दाबली, एक सोडलं, पुन्हा काहीतरी चिमटलं. मला त्यातलं ओ की ठो कळेना. वर्गातली सगळी पोरं खिडकीतून बघत होती आणि त्यांना ते अगदी स्पष्ट कळत होतं, कारण मागच्या बाकावरचा तो एकाएकी खूश झाला. मास्तरला कळत नाही असं दिसू नये म्हणून मी मान हलवली. मामांनी गमजा झटकला, "ठरलं मग," म्हणाले आणि एसटीला गेले.

तेवढ्यात विज्ञानवाल्या सरांनी येऊन विचारलं, किती वाढवले? मी म्हटलं, पोराला विचारून सांगतो.