मिरीचा दाणा आणि मुदतवाढ

लंडनमध्ये लाखो पौंड मोजून सदनिका ‘विकत’ घेणारा गृहस्थ बहुधा भाडेपट्ट्याच्या उरलेल्या वर्षांचाच धनी असतो. 1993 च्या कायद्याने त्यास 90 वर्षांची मुदतवाढ मागण्याचा हक्क दिला खरा. परंतु शिल्लक मुदत 80 वर्षांखाली घसरलेली असल्यास, वाढीव मुदतीने त्याच्या व जमीनमालकाच्या हक्कांचे जे एकत्रित मोल वाढते त्याचा निम्मा हिस्साही विटेला बोट न लावलेल्या जमीनमालकास द्यावा, वर त्याच्या वकिलाचे वाजवी शुल्कही आपणच सोसावे, असा दंडक पडला. पुढे मात्र वार्षिक खंड अवघा एक मिरीचा दाणा, तोही मागितल्यास! मलबारच्या मिऱ्यांसाठी सप्तसमुद्र ओलांडणाऱ्या राष्ट्रास घरबसल्या मिळणारा दाणा मागण्याचा एवढा आळस का असावा, कळत नाही.