गडगा आणि बंपर

चतुर्थीला मुंबईहून मालवणात आलेली गाडी एकदा तरी गडग्याला घासल्याशिवाय चाकरमानी घरी पोचला, असं कोणी धरत नाही. आमचीही घासली. उजव्या कोपऱ्यात वीतभर लाल ओरखडा. शेजारचे काका पडवीतूनच म्हणाले, "गडगो थंयच होतो रे."

मग घरगुती उपचार. मेव्हण्याने टूथपेस्ट चोळली. बंपरच्या काळ्या पट्टीला आईने खोबरेल लावलं. ती तासभर शाळकरी पोराच्या डोक्यासारखी चमकली, नंतर रस्त्यावरची सगळी धूळ तिलाच चिकटली. शेवटी साबणपाण्याने धुतलं, तर निम्मा ओरखडा निघूनच गेला. तो ओरखडा नव्हताच, चिऱ्याची भुकटी होती! उरलेल्यात नख अडकत नव्हतं, म्हणून २००० नंबरचा वॉटर पेपर भिजवून हलक्या हाताने फिरवला, वर रबिंग कंपाऊंड. बंपर पॉलिप्रॉपिलीनचा, प्लॅस्टिकच्या प्रायमरशिवाय त्यावर रंग टिकत नाही, हे मेव्हण्याला स्प्रेचा डबा आणल्यावर कळलं.

तिकडे १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग अजून लाटा खातोय, आणि इकडे आम्ही हातभर प्लॅस्टिकपुढे उकिडवे बसलेले. काका पुन्हा डोकावले. "जाताना माका सांग हां. गडगो जरा सरकवतंय."