भ्रमण न करणारा भ्रमणध्वनी

गेल्या महिन्यात उपनगरातल्या एका जुन्या सोसायटीत, पहिल्या मजल्यावरच्या घरातला लँडलाइन फोन अखेर काढला. तसा तो दीड वर्षापूर्वीच गेला होता; त्याचं बिल मात्र ठणठणीत होतं आणि न चुकता येत होतं. घरातले आजोबा रोज सकाळी चहाच्या आधी रिसीव्हर उचलायचे, कानाला लावायचे आणि दहाएक सेकंदांनी गुपचूप परत ठेवायचे. सुनेनं एकदा विचारलं, "बाबा, कुणाला लावताय?" "कुणाला नाही गं. डायल टोन आलाय का बघतो."

या चिकाटीला हसण्याआधी एक हिशेब ध्यानात घ्यायला हवा. आजोबांनी या फोनसाठी अर्ज केला १९८३ साली आणि फोन घरी आला १९९१ मध्ये. आठ वर्षं थांबलेल्या माणसाला दीड वर्ष म्हणजे काहीच नाही.

तेव्हा ही आठ वर्षं कुणाला अन्याय वाटत नसत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सी. एम. स्टीफन दळणवळण मंत्री होते. टेलिफोन ही चैन आहे, हक्क नव्हे; ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी खुशाल फोन परत करावा, घ्यायला रांग उभी आहे, अशा अर्थाचं त्यांचं संसदेतलं उत्तर आजही सांगितलं जातं. ग्राहकाला इतक्या प्रांजळपणे उत्तर देणारं खातं पुन्हा झालं नाही. आता कंपन्या म्हणतात, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," आणि पुढची वीस मिनिटं सतार ऐकवतात.

रांग आखूड करायचा मार्ग होता, त्याचं नाव 'ओवायटी'. भरभक्कम रक्कम आगाऊ भरायची आणि सामान्य यादीतल्या माणसांना मागे टाकायचं. आजोबा सामान्य यादीत होते. त्यामुळे मधली आठ वर्षं त्यांच्या लेटरहेडवर, घरातल्या एका मुंजीच्या आणि दोन लग्नांच्या पत्रिकांवर शेजाऱ्यांचा नंबर छापलेला होता आणि त्यापुढे कंसात दोन अक्षरं, 'पीपी'. ट्रंक कॉलच्या भाषेत 'पीपी' म्हणजे ठरावीक माणसासाठीचा कॉल. मराठी मध्यमवर्गात त्याचा अर्थ एवढाच होता, की शेजारचे बोलावतील. शेजारचे बोलवायचेही. "तुमचा फोऽऽन!" ही आरोळी जिन्यातून वर चढली की पोळी तव्यावर टाकून आजी पळायच्या, आणि शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात, शेजाऱ्यांच्या सगळ्या कुटुंबासमोर, माहेरच्या खासगी गोष्टी बोलायच्या. डेटा प्रायव्हसीची चर्चा तेव्हा सुरू व्हायची होती.

मग फोन आला. लाइनमनला पेढे आणि चहा मिळाला. टीपॉयवर आजींनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल अंथरला, त्यावर फोन ठेवला आणि फोनवर दुसरा रुमाल घातला. त्या घरात देवांनंतर दुहेरी वस्त्र मिळालेली ती एकच वस्तू. खालच्या कप्प्यात डिरेक्टरी ठेवली. तिचा उपयोग नंबर शोधायला कमी आणि छापील यादीत आपलं नाव बघायला जास्त व्हायचा. बोटानं फिरवायच्या चकतीला पुढच्याच आठवड्यात कुलूप लागलं.

हे कुलूप ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबलं पाहिजे. सुपारीएवढं पितळी कुलूप चकतीच्या एका भोकात अडकवायचं. मग चकती फिरत नाही, फोन येतो पण लावता येत नाही. किल्ली आजोबांच्या जानव्याला. बंदोबस्त चोख होता, फक्त फोन कसा चालतो हे आजोबांना ठाऊक नव्हतं आणि नातवाला होतं. चकतीचा फोन आकडा पाठवतो म्हणजे प्रत्यक्षात काय करतो? चकती परत येताना तारेतला प्रवाह तितक्या वेळा तोडतो. पाचला पाच वेळा, नवाला नऊ वेळा, शून्याला दहा वेळा. हेच काम रिसीव्हर ठेवायच्या खटक्यावर बोट आपटूनही होतं. टकटक टकटकटक, जरा थांबा, पुढचा आकडा. मित्राचा नंबर शून्य-शून्यवाला असला तर मनगट भरून यायचं, लय चुकली की भलत्याच घरी कुणीतरी फोन उचलायचं. पण लागायचा. या देशात पासवर्ड मोडण्याचं प्राथमिक शिक्षण किती जणांनी दुपारी आजोबा झोपलेले असताना घेतलं, याची मोजदाद झालेली नाही.

परगावी बोलायचं म्हणजे समारंभ. देशातली पहिली एसटीडी सेवा १९६० मध्ये कानपूर आणि लखनौच्या दरम्यान सुरू झाली, पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत ती पोचेपर्यंत ट्रंक कॉलच होता: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंग म्हणजे वीज पडावी तसा महाग. पुढे एसटीडी आली तेव्हा रात्री अकरानंतर पाव दर लागायचा. त्यामुळे महाराष्ट्रातली निम्मी ख्यालीखुशाली अकरा वाजून एक मिनिटानं, डोळे चोळत, ओरडून विचारली गेली. ओरडून का, तर गाव लांब असायचं.

इकडे ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यात ज्योती बसूंनी दिल्लीतल्या सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. एक मार्क्सवादी मुख्यमंत्री आणि एक काँग्रेसी मंत्री यांनी भारतातल्या सर्वांत महागड्या चैनीचं उद्घाटन करावं, हा योग फक्त दूरसंचार खात्यालाच जुळवता येतो. तेव्हा आलेला फोन घेतला तरी पैसे पडायचे. लोक खिशातला मोबाइल वाजला की नंबर बघून तो कापायचे आणि लँडलाइन शोधायला पळायचे. मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले, आणि त्याच वर्षी ५०१ रुपये भरून हँडसेट घरी न्या अशी जाहिरात आली. तरी लँडलाइनला एकदम धाप लागली नाही. २००६ च्या सुमारास देशातल्या लँडलाइन पाच कोटींच्या घरात होत्या. उतरण त्यानंतर लागली आणि २०२० पर्यंत त्या जेमतेम दोन कोटी उरल्या.

आता आकडा पुन्हा वर चढू लागला आहे, हे वाचून हरखून जायचं कारण नाही. घरी फायबरचं इंटरनेट घेतलं की त्याच्यासोबत एक लँडलाइन नंबर आपोआप मिळतो. ज्या यंत्राला तो मिळतो त्याच्या पाठीला फोन जोडायचं एक भोक असतं, आणि बहुतेक घरांत त्या भोकात आजवर धुळीखेरीज काही शिरलेलं नाही. थोडक्यात, लँडलाइनची संख्या वाढते आहे, फक्त त्यांना फोन नाहीत. १९८३ साली नेमकं उलटं होतं: फोन हवा असलेली माणसं होती आणि लाइन नव्हती.

असो. आजोबांचा फोन परत करायला मुलगा आणि आजोबा टेलिफोन कार्यालयात गेले. कार्यालय कुठलं ते सोडून देऊ. सगळ्या कार्यालयांतली खिडकी क्रमांक ३ सारखीच बंद असते. आजोबांनी फोन कापडी पिशवीतून आणला होता आणि रिसीव्हरची कुरळी वायर पिशवीबाहेर लोंबत होती. अर्जासोबत ओळखपत्र, शेवटच्या बिलाची पावती, रद्द केलेला चेक आणि मूळ डिपॉझिटची पावती. ही शेवटची पावती ३४ वर्षांपूर्वीची. ती हरवली असणार या खात्रीनं खिडकीवरच्या बाई किंचित खुशीत होत्या. आजोबांनी प्लास्टिकच्या फाइलमधून ती काढून दिली. सोबत लाइनमनची सही असलेला कागदही दिला, जो कुणी मागितला नव्हता.

बाईंनी फोन उलटसुलट पाहिला आणि रजिस्टरात लिहिलं, 'एक नग'. मग म्हणाल्या, "काका, इथे मोबाइल नंबर लिहा. लाइन बंद झाली की मेसेज येईल."

"नंबर हाच ठेवता येईल का हो?" आजोबांनी विचारलं. "हाच, पण मोबाइलला?"

नाही. आपल्याकडे नंबर बरोबर नेण्याची सोय २०११ पासून देशभर आहे, पण ती मोबाइलवरून मोबाइलवर. घराचा नंबर घरातच संपतो. तीन डझन नातेवाइकांना तोंडपाठ असलेला, आधी सहा आकडी, मग सात, मग पुढे २ लागून आठ आकडी झालेला तो नंबर कुणाला वारसाहक्कानं मिळत नाही. बदल्यात जो दहा आकडी मिळतो तो घरात कुणालाच पाठ नाही. आजोबांनासुद्धा नाही, तो एका चिठ्ठीवर लिहून मोबाइलच्या कव्हरमध्येच ठेवला आहे. मोबाइल हरवला तर त्यावर लावून बघायला लागणारा नंबर त्याच्याबरोबरच हरवेल, अशी चोख व्यवस्था.

आणखी एक गोष्ट घरी आल्यावर लक्षात आली. लँडलाइनचं बिल हा पत्त्याचा पुरावा होता. पासपोर्टपासून गॅसपर्यंत सगळीकडे चालायचा. ते बिल म्हणजे सरकारनंच लेखी दिलेलं, की हा माणूस तारेनं या घराला बांधलेला आहे. प्रीपेड मोबाइलला बिलच येत नाही, येतो तो रिचार्ज संपल्याचा निरोप. तोही २८ दिवसांनी. मोबाइल कंपन्यांच्या पंचांगात बारमाही फेब्रुवारी असतो, त्यामुळे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. तीस दिवसांचा निदान एक तरी प्लॅन ठेवा, असं ट्रायला २०२२ मध्ये आदेश काढून सांगावं लागलं. महिना किती दिवसांचा असतो हे ठरवायलाही नियामक लागतो. आणि रिचार्ज केला नाही तर काही दिवसांनी येणारे फोनही बंद. आजोबांचा काळा फोन पैसे न भरताही वाजत राहायचा, बिलाची मुदत उलटून चांगली दोन स्मरणपत्रं येईपर्यंत. वीज गेली तरी वाजायचा, कारण त्याला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून त्याच तारेतून यायचे. मोबाइलला मात्र रोज रात्री जेवू घालावं लागतं.

तर आता घरात मोबाइल आहे. खिशात घालून कुठेही फिरा, असं मुलानं शिकवलं. आजोबांनी प्रयत्न केला. पण मागच्या बाजूला नवा टॉवर झाल्यापासून (राहण्याचा, रेंजचा नव्हे) स्वयंपाकघरात रेंज नाही, बेडरूममध्ये एक दांडी, आणि पूर्ण रेंज घरात फक्त एकाच जागी येते: बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, टीपॉयवर. प्लगही तिथेच आहे. चार्जरची वायर जुन्या फोनच्या वायरीपेक्षा हातभर आखूड भरते.

आजींनी टीपॉयवर क्रोशाचा रुमाल परत अंथरला. किल्लीची जागा पॅटर्ननं घेतली आहे. तो नातवाला माहीत आहे, आजोबांना आठवत नाही. मोबाइल वाजला की नात हाक मारते, "आजोबा, तुमचा फोऽऽन!" आजोबा गॅलरीतून यायला निघतात, पोचेपर्यंत तो थांबतो. मग ते चष्मा लावून उलट फोन लावतात. कधीकाळी फोन लागण्याआधी करोनाचा खोकला ऐकू यायचा, नंतर सायबर चोरांपासून सावध राहायची सूचना आली. तिकडच्या माणसानं उचललंच तर तो क्रेडिट कार्ड विकणारा निघतो.

परवा औषधं घेऊन येणाऱ्या मुलाचा फोन आला आणि या खेपेला तो वेळेत उचलला गेला.

"सर, सोसायटीत आलोय. तुम्ही कुठे आहात?"

आजोबा टीपॉयपाशी उभे होते, एक हात चार्जरच्या वायरीवर, ती निसटू नये म्हणून.

"कुठे म्हणजे?" ते ओरडले. "फोनपाशी!"