गुण भरघोस, अर्थ उलटा

यंत्राच्या अनुवादाला गुण देण्यासाठी आयबीएमच्या संशोधकांनी 2002 मध्ये ‘ब्ल्यू’ नावाची फूटपट्टी काढली. ती माणसाने केलेल्या अनुवादाशी शब्दांच्या ओळी जुळवते. अर्थाच्या वाटेला जात नाही. ‘परकीय गुंतवणूकदार आज शेअर बाजारातून पैसा काढणार नाहीत’ यातलं ‘नाहीत’ जाऊन ‘आहेत’ आलं, तरी बाकीचे शब्द जुळले म्हणून गुण भरघोस! दलाल स्ट्रीटवर कुणाची झोप उडेल, ते वेगळं.

परभणीच्या मोंढ्यात मात्र चिंता नको. सोयाबीनचे वायदे बाजार नियामक ‘सेबी’ने डिसेंबर 2021 मध्ये थांबवले, मग मुदतवाढीवर मुदतवाढ दिली. 2022 मध्ये परकीय गुंतवणूकदारांना कमोडिटी वायदेबाजाराचं दार उघडलं, तेही शेतमाल वगळून. अनुवाद बरोबर असो की चूक, सोयाबीनवाल्याचा त्यात हिशेबच नाही.