सी-टच, क्लिअर टायटल!

पवईच्या टॉवरांत सध्या नवी साथ आली आहे. तलाव दिसणारा फ्लॅट झाला, आता समुद्र दिसणारा प्लॉट हवा. तोही बेटावर. मढ चालेल, मनोरी-गोराई चालेल. चार गुंठे, दोन माड, एक झोपाळा.

पवई मुळात साष्टी बेटावरच आहे, हे यांना कुणी सांगू नये. हप्ते चालू आहेत, मन मोडेल.

एजंट म्हणतो, वर्सोवा-मढ पूल होतोय, भाव दुप्पट! होईल तेव्हा होईल. तोवर पावसाळ्यात फेरीबोट बंद आणि नशिबी मालाड-मार्वेचा वळसा. पवईचा माणूस लिंक रोडवरच अर्धा म्हातारा होतो, उरलेला अर्धा मार्वेला.

‘‘जागा रिकामीच आहे, साहेब.’’

मग बांबूंवर ते बोंबील कुणाचे वाळतायत?

बरं, या मुंबईत समुद्राकाठची जमीन इतकी वर्षं कुणी बांधल्याशिवाय सोडली कशी? बिल्डरांना डोळे नव्हते? होते. पण 1991 पासून किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) आहे, ना-विकास क्षेत्र आहे, तिवरं आहेत. तिवरं तोडणं म्हणजे नागरिकाच्या जगण्याच्या हक्कावरच घाला, असं हायकोर्टानं 2018 मध्ये सांगितलंय. ब्रोशरमध्ये त्याच तिवरांना ‘ग्रीन व्ह्यू’ म्हणतात.

काहींनी यावरही तोड काढली. जमीन बदलत नाही ना? मग नकाशा बदला! मढ-एरंगळला जुन्या नकाशांत नसलेली घरं घुसवून बंगले उठवल्याची प्रकरणं बाहेर आली. विशेष तपास पथक नेमलं गेलं, हायकोर्ट झालं, 2025 मध्ये पालिकेच्या नोटिसा आणि हातोडाही पोहोचला. टायटल क्लिअर होतंच. नंतर प्लॉटही क्लिअर झाला.

मोकळ्या जमिनीचं काय होतं, हे खरं तर पवईकरानं इतरांना शिकवायचं. 1986 च्या करारात इथली सुमारे 230 एकर जमीन बिल्डरला एकरी 40 पैसे भाड्यानं दिली गेली. कशासाठी? 40 आणि 80 चौरस मीटरच्या, परवडणाऱ्या घरांसाठी. उभं काय राहिलं, ते खिडकीतून दिसतंच. आधी ती छोटी घरं बांधा, हे 2012 मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं.

चाळीस पैसे! तेव्हा चहासुद्धा येत नव्हता.

मग अलिबाग? तिथं शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. बाल्कनीतली मिरची धरत नाहीत.

तरीही मढला जायचंच? मग टोकन देण्याआधी मालमत्ता पत्रक स्वतः नगर भूमापन कार्यालयातून काढा, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून नको. आणि प्लॉट बघायला पौर्णिमेला जा, भर भरतीत. एजंट ओहोटीची वेळ देईल.