खोललंय!

जुना मिनी ट्रॅक्टर, म्हणजे साधारण १५ ते २५ अश्वशक्तीचा आणि लहानशा खाचरातही वळू शकणारा ट्रॅक्टर, खरेदी करताना घेणारा व देणारा असे दोनच पक्ष असतात, हा समज कागदोपत्री खरा मानावा. भोर तालुक्यात, उत्रोलीसारख्या भाताच्या गावात, जाणकार नावाचा तिसरा पक्ष सोबत न्यावाच लागतो. जाणकाराच्या स्वतःच्या दारात ट्रॅक्टर नसतो. ही उणीव त्याच्या अधिकाराला पोषकच ठरते, कारण ज्याच्याकडे ट्रॅक्टर असतो त्याला तो कधी ना कधी भर रस्त्यात बंद पडलेला गावाला दाखवावा लागतो.

त्याची तपासणी मात्र पद्धतशीर असते. रामराम घालण्याआधी तो इंजिनाला तळहात लावतो, कारण पाहुणे यायच्या आत इंजिन तापवून ठेवण्याची विकणाऱ्यांची रीत असते आणि तापलेले इंजिन झिजलेले असले तरी बहुधा पहिल्या सेल्फला उठते. मग ऑइलची पट्टी बाहेर काढून तो ऑइल बोटावर चोळतो. ते चहासारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरले, बहुधा हेडचे पॅकिंग गेले, असे धरावे. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजून ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा डिझेल जादा. आणि ऑइल भरण्याचे झाकण उघडताच तिथून धुराचे लोट उसळू लागले, तर सिलिंडरमधला दाब खाली निसटतो आहे, ज्याला मिस्त्री लोक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. शेवटी हायड्रॉलिकवर रोटाव्हेटर उचलून, इंजिन बंद करून, तंबाखू मळून होईपर्यंत तो किती खाली बसतो हे जाणकार पाहतो. या सगळ्यातून निष्कर्ष काहीही निघो, टोपी मागे सारून तो म्हणतो, “खोललंय हे.”

खोललेले इंजिन म्हणजे एकदा पूर्ण उघडून दुरुस्त केलेले इंजिन. काम नीट झाले असेल तर त्यात वाईट काहीच नसते, पण हा शब्द उच्चारताच विकणाऱ्याचा चेहरा पडतो. तासगावकडच्या द्राक्षबागेत ब्लोअरवर राबलेल्या ट्रॅक्टरच्या बोल्टांवर मोरचुदाचा निळा थर असो, की डागडुजी लपवण्यासाठी कालच मारलेला ताजा रंग असो, निदान एकच. शोरूममधल्या कोऱ्या ट्रॅक्टरभोवती फिरूनही तो तेच पुटपुटला. देवळाच्या भोंग्याबद्दल, सोयरिकीच्या घरातल्या पंख्याबद्दल आणि एकदा तर साखरपुडा मोडलेल्या नवरदेवाबद्दलही त्याचे मत वेगळे पडले नाही.

या मताची खरी ताकद अशी की ते खोटे ठरत नाही. नाकारलेला ट्रॅक्टर दुसऱ्या तालुक्यात दहा वर्षे बिनबोभाट चालला तरी ते सांगायला कोणी परत येत नाही, आणि घेतलेला बिघडला तर “मी म्हणालो होतो” हे वाक्य तयारच असते. समित्यांवर बसणारे पुष्कळ विद्वान याच भांडवलावर जगतात. जाणकाराला निदान मानधन मिळत नाही, चहावर भागते.

पण लोक त्याला तपासणीसाठी नेत नाहीत. किंमत जास्त आहे, हे घेणाऱ्याला पाहुण्याच्या ओसरीवर बसून तोंडावर म्हणता येत नाही; ते काम ‘खोललंय’ करते, भाव उतरतो आणि कोणाचे मन दुखत नाही. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, एकट्या जाणकाराला सोडून.

म्हणूनच एका व्यवहारात तो फसला. इंजिन गार होते, पहिल्या सेल्फला उठले, धूर नाही, बोल्टांवर कंपनीचा रंग जसाच्या तसा. जाणकाराने तीन फेऱ्या मारल्या, झाकण पुन्हा उघडले आणि ओशाळून म्हटले, “घ्या.” विकणाऱ्याने जागच्या जागी भाव वाढवला, घेणाऱ्याला याने दलाली खाल्ल्याचा संशय आला, आणि इसार न देताच मंडळी परतली.

पुढे घेणाऱ्याने त्याला न सांगता दुसरा, स्वस्तातला ट्रॅक्टर आणला. जुलैत चिखलणी सुरू झाली, म्हणजे भात लावण्याआधी पाणी भरलेल्या खाचरात रोटाव्हेटर फिरवून गारा करण्याचे काम, आणि पुढच्या ॲक्सलचे झिजलेले सील चिखलपाणी आत घेऊ लागले. चौथ्या दिवशी बेअरिंग ओरडून चाक जाम झाले. मिस्त्री भोरला अडकलेला, रोपे उपटून बांधावर पडलेली. अशा वेळी न बोलावता आलेला, धोतर खोचून पोटरीभर चिखलात बसलेला आणि पावसात दोन तास हबशी झगडणारा माणूस कोण, हे वेगळे सांगायला नको. संशयाचा विषय त्याने काढला नाही, घेणाऱ्याचीही मान वर होईना. हात पुशीत तो एवढेच म्हणाला, “आण्णा, हे खोलावं लागंल.”