चटई क्षेत्र वाढवणारे भिंग

घर विकण्यासाठी व्यावसायिक छायाचित्रकाराकडून चित्रफीत काढून घेण्याची प्रथा मुंबई–आग्रा महामार्गाने सरकत सरकत निफाड तालुक्यात येऊन आता चांगली रुळली असून, पिंपळगाव बसवंतसारख्या बाजारपेठेच्या गावातही सदनिका, रो हाऊस किंवा नुसता बिनशेती भूखंड चित्रफितीवाचून विकायला काढणे काहीसे कमीपणाचे समजले जाऊ लागले आहे. मोबाइलच्या पडद्यावर उभ्या चौकटीत मिनिटभर चालणाऱ्या आणि ‘रील’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराचे स्वतःचे असे एक शास्त्रही तयार झाले आहे. त्यात मंगलाचरण म्हणून आकाशातून दिसणाऱ्या द्राक्षबागा येतात, मग आपोआप उघडणारे फाटक येते, मग कोणीही न सोडलेल्या नळातून पडणारे पाणी, मग गॅलरीत वाफाळता कप हाती धरून क्षितिजाकडे पाहणारी स्त्री, आणि फलश्रुतीच्या जागी दलालाचा मोबाइल क्रमांक. या स्त्रीला त्या घरात राहायचे नसते आणि चहाही बहुधा प्यायचा नसतो. तथापि क्षितिजाकडे पाहण्याचे काम ती अत्यंत निष्ठेने पार पाडते.

हे शास्त्र ज्या गावात येऊन स्थिरावले त्या गावाचे खरेदी-विक्रीचे मूळ शास्त्र मात्र अगदी निराळे आहे. पिंपळगावच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कांद्याचा लिलाव होताना व्यापारी ट्रॉलीजवळ येतो, वरचा थर बाजूला सारून हात आत घालतो, मूठभर माल उपसून त्याचा रंग, पत्ती आणि मान किती सुकली आहे ते पाहतो, डेंगळा म्हणजे फुलावर गेलेला कांदा, दुभाळका म्हणजे एकाच सालीत वाढलेले दोन कांदे आणि गोल्टी म्हणजे बारीक माल यांचे प्रमाण क्षणात जोखतो, आणि त्यानंतरच तोंड उघडतो. एवढ्यानेही व्यवहार पुरता होत नाही. ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवून त्याची प्रतवारी करण्याच्या जागेवर गेली आणि खालचा कांदा वरच्यासारखा निघाला नाही, की तिथे भावावरून पुन्हा घासाघीस होते, जिचा शेतकऱ्यांना राग आहे आणि तो रास्त आहे. टोमॅटोच्या हंगामात २० किलोच्या जाळीकडेही असेच संशयाने पाहिले जाते. याच गावातला, आणि कित्येकदा हेच सारे व्यवहार रोज करणारा गृहस्थ, काही हजारांच्या मालासाठी तळापर्यंत हात घालतो आणि जन्माची पुंजी घालून मुलासाठी सदनिका घेताना मात्र वरच्या थराच्या चित्रफितीवर समाधान मानून ‘टोकन’, म्हणजे व्यवहार अडवून ठेवण्याची आगाऊ रक्कम, मोकळ्या मनाने पाठवून देतो. कांद्याची चित्रफीत पाठवून लिलाव करावा अशी सूचना उद्या कोणी बाजार समितीत मांडली, तर बासरीच्या सुरांवर मंदगतीने घरंगळणारा उन्हाळ कांदा पाहून एकही व्यापारी क्विंटलमागे रुपयाने वाढणार नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद संभवत नाही.

या शास्त्राचे मुख्य उपकरण म्हणजे रुंदकोनी भिंग होय. भिंग किती रुंद पाहते हे त्याच्या नाभीय अंतरावर ठरते. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग आडव्या दिशेने सुमारे ४० अंश पाहते, तर १६ मिलिमीटरचे भिंग सुमारे ९७ अंश. छायाचित्रकार दाराच्या कोपऱ्यात पाठ टेकवून असे भिंग लावतो, तेव्हा जवळची वस्तू मोठी आणि समोरची भिंत लहान दिसते, आणि लहान दिसणारी वस्तू दूर आहे असे मानण्याची मनाला सवय असल्यामुळे दहा बाय दहाच्या खोलीत दरबार भरवता येईल असा भास निर्माण होतो. कायद्याच्या परिभाषेत चटई क्षेत्र म्हणजे बाहेरच्या भिंती, गॅलरी आणि उघडी गच्ची वगळून सदनिकेच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, जीत आतल्या विभाजक भिंतींची जाडी तेवढी धरली जाते. हे क्षेत्र वाढवायचे तर एरवी चटई क्षेत्र निर्देशांक पाहावा लागतो, २०२० सालची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली उलगडावी लागते, अधिमूल्य भरावे लागते आणि नगररचना कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. रुंदकोनी भिंग यांपैकी काहीही न करता ते दीडपट करून देते, आणि या सेवेवर शासनाने अद्याप कोणतेही शुल्क आकारलेले नाही ही महसूल खात्याची अक्षम्य अनास्थाच म्हटली पाहिजे.

भिंगाची ही कामगिरी ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे. चौकटीच्या कडेला आलेल्या गोल वस्तू अशा भिंगातून ताणल्या जातात, त्यामुळे भिंतीवरचे घड्याळ जर अंड्याच्या आकाराचे दिसत असेल तर घर मोठे नसून भिंग रुंद आहे असे खुशाल समजावे. घड्याळ काढून ठेवलेले असेल तर छायाचित्रकार अनुभवी आहे असे समजावे. नमुना सदनिकेतील, म्हणजे ग्राहकांना दाखवण्यासाठी सजवून ठेवलेल्या सदनिकेतील, पलंगाची लांबी आणि खोल्यांना दारे आहेत की नाहीत हेही अभ्यासण्याजोगे विषय आहेत, कारण बिजागरीवरून काढून ठेवलेले दार पलंगाला आपटत नाही.

आकाशातून होणाऱ्या मंगलाचरणाला एक वेगळाच पेच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे पट्टे पाडलेले असून, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या टप्प्यात २०० फुटांपर्यंतच मुक्त संचार आहे. त्याहून वर किंवा विमानतळाच्या त्याहून जवळ जायचे तर परवानगीचा प्रश्न उभा राहतो. मिग आणि सुखोई विमाने जिथे बांधली गेली त्या ओझरचा विमानतळ पिंपळगावच्या अगदी शेजारी आहे. तेव्हा दोन खोल्यांच्या सदनिकेची शोभा टिपण्यासाठी वर गेलेला ड्रोन नेमका कोणत्या पट्ट्यात होता, हा प्रश्न चित्रफीत पाहणाऱ्याला पडत नसला तरी तो उडवणाऱ्याला पडलेला बरा.

परंतु या कलेचे खरे सामर्थ्य ती काय दाखवते यापेक्षा काय वगळते यात आहे. ज्या द्राक्षबागा आकाशातून गालिच्यासारख्या दिसतात त्यांच्यात ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांवर औषधांच्या फवारण्या सुरू होतात, आणि बागेला लागून घर असलेल्यांना ब्लोअरच्या घरघरीने जाग येते. चित्रफितीतील सूर्योदय मात्र सतारीच्या झाल्यावर होतो. टोमॅटोच्या हंगामात माल घेऊन आलेल्या पिकअप गाड्या आणि परप्रांतांत निघालेले ट्रक यांच्या गर्दीत रस्ता ओलांडणे हे एक कौशल्य ठरते. चित्रफितीत तो रस्ता सकाळी सहाला, निर्मनुष्य, पावसाने धुतलेला असा येतो आणि त्यालाच ‘हायवे टच’ म्हणतात, म्हणजे महामार्ग घराला लागून आहे आणि महामार्गाचा आवाज घरात आहे. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा पावसाळ्यात सडू लागला म्हणजे आसमंतात जो दर्प पसरतो, तो टिपणारे भिंग अजून कोणत्याही कंपनीने बाजारात आणलेले नाही, आणि आणले तरी या व्यवसायात त्याला गिऱ्हाईक मिळणार नाही. उन्हाळ्यात पाणी किती दिवसांआड येते याविषयी तर चित्रफितीतील नळ एवढ्या उदारपणे वाहत असतो की प्रश्न विचारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखे व्हावे.

चित्रफीत जेव्हा संगणकावर बनवलेली असते तेव्हा वास्तवाचा उरलासुरला अडथळाही दूर होतो. जमिनीवर अजून मक्याची ताटे उभी असतात आणि पडद्यावर सात मजले, कारंजे, पोहण्याचा तलाव आणि कुत्र्याला फिरवणारे एक गोरे जोडपे नांदत असते. हे जोडपे निफाड तालुक्यात कोणत्या कामासाठी आले आहे याचा खुलासा कुठेही केलेला नसतो. खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ‘चित्रे केवळ प्रातिनिधिक’ असे लिहिलेले असते. याच सुरात नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा, समृद्धी महामार्ग आणि कागदावरचा सुरत–चेन्नई द्रुतगती मार्ग हे सारे ‘अवघ्या काही मिनिटांवर’ आणून ठेवले जातात, आणि ती मिनिटे कोणत्या वाहनाने मोजली हे सांगण्याची प्रथा नाही.

या जिल्ह्याला चित्रफितीच्या बळावर भांडवल उभे करण्याची परंपरा नवी नाही, हे इथे नमूद करणे इतिहासाला धरून होईल. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या आणि पुढे नाशिकलाच चित्रपटनिर्मितीचा संसार थाटलेल्या दादासाहेब फाळक्यांनी, १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ निघण्याआधी पैसे लावणाऱ्याची खात्री पटावी म्हणून, कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून एक छोटीशी फीत बनवली होती, आणि ती पाहून पैसे मिळालेही. तीही एक जाहिरातच होती आणि तिच्यातही काळाची चलाखी होती, कारण कित्येक दिवसांची वाढ ती काही क्षणांत दाखवत होती. फरक इतकाच की फाळक्यांच्या कुंडीत वाटाणा खरोखर पेरलेला होता.

न्यायबुद्धीने पाहिले तर चित्रफीत हे साधन वाईट नाही. पुण्यात, दुबईत किंवा न्यू जर्सीत असलेल्या मुलाला गावाकडे आईवडिलांसाठी घर घ्यायचे असेल, तर दहा घरे पाहण्यासाठी रजा काढून येण्यापेक्षा त्यांतली आठ चित्रफीत पाहूनच बाद करणे शहाणपणाचे असते, आणि चांगला छायाचित्रकार दाराशी सुरुवात करून मध्ये कुठेही न तोडता सगळ्या खोल्या, जिना, वाहनतळ आणि पाण्याची टाकी एका दमात दाखवू शकतो. मात्र ‘पाण्याच्या टाकीचे दृश्य वाढवा’ असा आग्रह धरणारा विक्रेता या व्यवसायाने अद्याप पाहिलेला नाही.

कायद्याने या बाबतीत आश्चर्यकारक दूरदृष्टी दाखवलेली आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातील जाहिरातीला लागू पडेल अशी केली असून, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची, महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्याशिवाय, जाहिरात करण्यासच मनाई आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोडही द्यावा लागतो, जो मोबाइलने टिपल्यास प्रकल्पाची नोंदणीकृत माहिती समोर येते. याच कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. नोंदणीच्या या मर्यादेत न येणाऱ्या लहान इमारती, आणि एकाने दुसऱ्याला विकलेली जुनी घरे, या चौकटीबाहेर राहतात. तिथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ उरते, जे विक्रेत्याला ठाऊक असलेले मोठे दोष सांगण्यास बांधते खरे, पण खरेदीदाराला साध्या काळजीने जे दोष कळू शकले असते त्यांपुरती ही सक्ती लागू करत नाही, आणि घर न पाहता घेणे ही साधी काळजी आहे असे म्हणणारा वकील मिळणे अवघड आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे ते स्थावर संपदा अधिनियमाचे कलम १२. जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील खोट्या विधानावर विसंबून आगाऊ रक्कम देणाऱ्याचे नुकसान झाले तर प्रवर्तकाने, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्याने, त्याची भरपाई करावी, आणि खरेदीदाराला माघार घ्यायची असेल तर सर्व रक्कम व्याजासह परत करावी, असे ते सांगते. तेव्हा नोंदणीकृत प्रकल्पात घर घेणाऱ्यांना एवढीच विनंती की टोकन देण्याआधी जागेवर जाऊन यावे, खोलीला टेप लावावा, आणि ती चित्रफीत कारंज्यासह आपल्या मोबाइलमध्ये उतरवून तारीख टाकून जपून ठेवावी. ताबा मिळाल्यावर कारंजे दिसले नाही, तर ते मागायला कागद म्हणून तीच उपयोगी पडेल.